चार बोटं

वैदेहीच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान
मी अजून फाडलेलं नाही.
वर लिहिलंय : भिशीचे अडतीस हजार.
खाली सिंक, नळ, वायरिंग, मेस्ताची मजुरी,
कपाटांची दारं.
दारांवर काट. पुन्हा लिहिलेली. पुन्हा काट.

खाण बंद पडली तेव्हापासून
हेमकांतचा टिपर परड्यात उभा आहे,
मागच्या चाकावर कारांद्याचा वेल चढलाय.
अशा घरात स्वयंपाकघर नवं करायचं म्हणजे
आधी त्याबद्दल हळू आवाजात बोलायचं.

म्हापशाच्या शोरूममध्ये गेलो होतो एकदा.
ड्रॉवर बोटाने ढकलला तर आपसूक मिटला,
जराही आवाज न करता.
‘अडीच लाखांपासून सुरू,’ मुलगा म्हणाला.
आम्ही फुकटच्या पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या
आणि डिचोलीची बस पकडली.

फरश्या मिळाल्या त्या अस्नोड्याला.
एक जुनं घर पाडत होते,
कायतान सुताराने निरोप दिला.
निळ्या वेलबुट्टीच्या एकतीस, त्यातल्या दोन फुटक्या,
दहा रुपयाला एक.
पोत्यात घालून कदंबातून आणल्या.
कंडक्टरने पोत्याचंही तिकीट फाडलं,
आणि मग स्वतःच ते उतरवून दिलं.

शाणू मेस्त आला तो आधी ओट्याकडे बघेचना.
ओट्याखाली बघत राहिला.
‘हो पाट हांगा कित्याक?’
मी म्हटलं, उभी राहते त्यावर.
‘कितलीं वर्सां?’
अकरा, म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली.

ओटा चौतीस इंच होता.
कंत्राटदार सगळीकडे तोच घालतो म्हणे.
मला कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.
मला वाटायचं, कमी आहे ते माझ्यातच.

शाणूने मला अनवाणी उभं केलं,
कोपर दुमडायला लावलं, पोळी लाटताना दुमडतं तसं,
आणि कानावरची पेन्सिल काढून
भिंतीवर रेघ ओढली.
जुन्या ओट्याच्या चार बोटं खाली.
‘इतलोच,’ तो म्हणाला.

इतलोच म्हणजे :
कडप्पा न फोडता उचलायचा,
खालचे चिरे तासायचे,
सिंकचा पाइप फिरवायचा.
अकरा हजार.
नेमके दारांचे पैसे.

‘दारं नसली तर डबे दिसतील,’ हेमकांत म्हणाला.
दिसू देत.
सोलं, उकडे तांदूळ, कुळीथ, सुक्या मिरच्या,
लपवण्यासारखं त्यात काय आहे?
गॅसच्या सिलिंडरपुढे मात्र पडदा लावला,
वैदेहीच्या बारशाच्या साडीचा, जरीचा काठ वर ठेवून.

निळ्या फरश्या शेगडीपासून नळापर्यंतच पुरल्या.
पुढे चुना, त्यात जराशी नीळ.
रंग जुळला नाही.
जुळला असं सगळ्यांना सांगतो.

चवथीच्या आदल्या दिवशी शाणूने थापी धुतली.
दुसऱ्या सकाळी नव्या ओट्यावर हळदीची पानं पसरली,
पिठाचा गोळा ठेवला, बोटांनी थापत गेले.
चौथ्या पातोळीला लक्षात आलं,
माझ्या टाचा जमिनीवर आहेत.
त्यांच्याकडे बघत उभी राहिले थोडी
आणि चून करपलं.

पाट वैदेहीने पळवला.
त्यावर चढून ती आता वरच्या फळीवरचा
गुळाचा डबा काढते. कळतं मला.

रात्री भांडी हेमकांत घासतो,
टिपर थांबल्यापासून तेवढं त्याने आपणहून घेतलंय.
सहा फूट माणूस, सिंकवर वाकलेला,
मध्येच उभा राहून कमरेवर ओला हात ठेवतो.
‘ओटा बरा झाला हां,’ म्हणतो,
आणि पुन्हा वाकतो.

मी वही उघडली.
पान वरून खाली वाचलं.
त्याची उंची कुठेच लिहिलेली नव्हती.